एक्सएस ६५० स्पेशलची स्टँडर्ड करताना: सुरुवात मागच्या चाकापासून

आपल्याला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १९८२ ची यामाहा एक्सएस ६५० हेरिटेज स्पेशल मिळाली आहे आणि तिची स्टँडर्ड करायची आहे; म्हणजे उंच हँडल आणि लहान मागचे चाक असलेल्या या मोटरसायकलीला त्याच मॉडेलच्या साध्या ठेवणीचे रूप द्यायचे आहे. टाकी आणि सीट बदलली की काम भागेल का, आणि इंजिनात काही फेरफार करावे लागतील का, असे आपण विचारले आहे. इंजिनाला हात लावण्याची गरज नाही. टाकी आणि सीट मात्र पुरेशी नाहीत. गाडीची चण ठरते ती मागच्या चाकावरून, आणि ते तसेच ठेवून बाकी सारे बदलले तर गाडी ना धड स्पेशल दिसते ना स्टँडर्ड.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्पेशल १९७८ मध्ये आली आणि अमेरिकेत स्टँडर्डची विक्री १९७९ नंतर थांबली, त्यामुळे १९८२ ची स्टँडर्ड तिथे नव्हतीच. म्हणून नमुना म्हणून १९७७ ते १९७९ मधली स्टँडर्ड समोर ठेवावी आणि सुटे भागही त्याच वर्षांचे शोधावेत. इंजिन दोन्हींत तेच आहे: ६५३ सीसीचे, दोन सिलिंडरचे, दोन्ही पिस्टन एकदम वरखाली होणारे. उलट आपल्या गाडीत १९८० पासून आलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि बीएस ३४ कार्बोरेटर आहेत, तर १९७९ पर्यंतच्या गाड्यांत पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) आणि बीएस ३८ कार्बोरेटर होते. हुबेहूबपणाच्या हौसेपायी पॉइंटकडे परत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज चालवायच्या गाडीत ती पिछेहाट ठरेल आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागणार नाही.

आता मागचे चाक. स्पेशलला मागे १६ इंची रिम असते, स्टँडर्डला १८ इंची. पुढे दोन्हींना १९ इंचीच. अडचण ब्रेकची आहे. आपल्या हेरिटेज स्पेशलला मागे ड्रम आहे, तर १९७७ ते १९७९ च्या स्टँडर्डला मागे डिस्क होती. ते डिस्कचे चाक आणायचे तर सोबत कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग), मागचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा पंप), पेडल आणि त्यांचे आधार असा सगळा संसार आणावा लागतो, आणि चाळीस वर्षे पडून राहिलेला मास्टर सिलिंडर आतून गंजलेला निघण्याचीच शक्यता जास्त. १९७६ पर्यंतच्या गाड्यांना ड्रम असलेले १८ इंची चाक होते. ते स्वस्तात मिळाले तर विकत घेण्याआधी अ‍ॅक्सलचा व्यास आणि हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) दोन्ही बाजूंचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) मोजून पाहावेत, कारण जुन्या गाड्यांचा अ‍ॅक्सल बारीक आहे. माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आपलाच ड्रमचा हब ठेवून त्यावर नव्या स्पोकनी १८ इंची रिम बांधून घेणे. तसे केले की ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेनची रेषा यांतले काहीच हलत नाही.

मात्र जुने स्पोक सोडवण्याआधी एक मोजमाप घ्यायलाच हवे. चाक आडवे ठेवून ड्रमच्या बाजूच्या कडेवर सरळ पट्टी टेकवावी आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजून लिहून ठेवावे. जुन्या रिमची रुंदीही सोबत नोंदवावी. नवी रिम अरुंद असणार, त्यामुळे ती कडेवरून नव्हे तर मध्यरेषेवरून जुळवावी लागते. ही नोंद नसेल तर चाक बांधणारा कितीही कुशल असला तरी त्याला अंदाजानेच काम करावे लागेल, आणि मागचे चाक पुढच्याच्या रेषेत राहिले नाही की गाडी एका बाजूला ओढते.

मोठ्या चाकाने गिअरिंग बिघडेल ही भीती बाळगू नये. १३०/९०-१६ टायरचा व्यास साधारण ६४० मिलिमीटर होतो आणि ११०/९०-१८ चा ६५५. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन टक्के, आणि गाडी मागे उचलली जाते ती सात-आठ मिलिमीटर. त्याच वेगाला इंजिन किंचित कमी फिरते, आणि लांबच्या रस्त्यावर या इंजिनाची थरथर ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ते आवडेलच. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

चाक बसल्यावर मडगार्डची तपासणी करावी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या स्प्रिंग काढून ते तसेच लावावेत, स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा वरखाली हलणारा भाग) हाताने शेवटपर्यंत वर उचलावा आणि टायर मडगार्डला किंवा त्याच्या बोल्टला टेकतो का ते पाहावे. स्पेशलचा मडगार्ड १६ इंची चाकाभोवती वळवलेला आहे, त्यामुळे स्टँडर्डचा मडगार्ड त्याच्या पट्ट्यांसह घेणेच बरे. मागचा भाग उघडलाच आहे तर स्विंग आर्मचे मूळ प्लॅस्टिकचे बुश काढून ब्राँझचे बसवावेत. रस्त्यावर जाणवणारी सुधारणा टाकीपेक्षा या बुशांनी जास्त होते.

टाकी, सीट आणि साइड कव्हर एकाच गाडीवरून उतरवलेला संच म्हणून घ्यावेत. सुटी सुटी घेतली तर सीटचे टोक टाकीला जुळत नाही आणि कव्हरच्या खुंट्या भलत्याच जागी येतात. फ्रेमवर एखादा कान (भाग अडकवण्याची पट्टी) वेल्ड करावा लागेल, याची तयारी ठेवावी. स्पेशलच्या टाकीत सुमारे ११.५ लिटर पेट्रोल मावते, स्टँडर्डच्या टाकीत सुमारे १५. हा फरक लांबच्या प्रवासात मोलाचा आहे. टाकीला साधे पेट्रोल कॉक असतील आणि आपल्या गाडीचे कॉक व्हॅक्यूमवर चालणारे असतील, तर कार्बोरेटर आणि सिलिंडर हेडमधल्या रबरी जोडावरची व्हॅक्यूमची नळी लावण्याची तोटी न विसरता रबरी टोपीने बंद करावी. ती उघडी राहिली तर तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि ती बाजू तापते. मग दोष विनाकारण कार्बोरेटरला दिला जातो.

पुढच्या भागात मुख्य बदल हँडलचा. स्पेशलचे उंच, मागे वळलेले हँडल काढून बुटके लावले की क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकचा होज लांब पडतात, म्हणून तेही स्टँडर्डच्या मापाचे घ्यावेत. वाकवून कोंबलेली केबल हँडल वळवताना ताणली गेली तर उभ्या गाडीचे इंजिन आपोआप जोर धरते, आणि ते धोक्याचे आहे. पुढच्या मास्टर सिलिंडरचे भांडे नव्या हँडलवर समतल राहते की नाही, तेही पाहावे. सायलेन्सर शेवटी बदलावेत; बदलल्यावर स्पार्क प्लगचा रंग पाहिल्याशिवाय कार्बोरेटरच्या जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राला) हात लावू नये.

कागदपत्रांवर आणि फ्रेमवर ही गाडी स्पेशलच राहील. पुढे विकताना ते खरेदीदाराला सांगावे आणि काढलेले सर्व मूळ भाग खुणेच्या चिठ्ठ्या लावून जपून ठेवावेत; चांगल्या स्थितीतल्या हेरिटेज स्पेशलचे मूळ भाग शोधणारेही पुष्कळ आहेत.

हबवरून रिमपर्यंतची चार मापे, रिमची रुंदी आणि स्पोकच्या छिद्रांची संख्या इथे लिहिलीत तर कोणत्या रुंदीची रिम घ्यावी ते मी सांगू शकेन. तोवर स्पोक सोडवू नयेत.