वाचकांचे प्रश्न : स्कॅन केलेली पाने आणि स्क्रीन रीडर

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. संदर्भग्रंथांतील प्रकरणे स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात देते. वर्गातील एक दृष्टिहीन विद्यार्थी सांगतो की, या फाइली त्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वाचतच नाही. त्याच्यासाठी वेगळी प्रत तयार करावी का?

उत्तर : वेगळ्या प्रतीच्या मार्गाने शक्यतो जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी प्रत बहुधा वर्ग पुढे सरकल्यावर हाती पडते आणि मूळ फाइलीत नंतर केलेली दुरुस्ती तिच्यात उतरतेच असे नाही. मूळ फाइलच सर्वांना वाचता येईल अशी करावी.

स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ छायाचित्र असते. त्यात अक्षरेच नसल्यामुळे स्क्रीन रीडरला उच्चारण्याजोगे काही सापडत नाही. ओसीआर (चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याची प्रक्रिया) केल्यास मजकूर मिळतो, परंतु जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांत चुका राहतात, म्हणून तो मूळ पानाशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर याहून फसवा असतो : पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे व चिन्हे, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

आपण स्वतः लिहिलेल्या टिपणांत शीर्षके नुसती ठळक न करता ‘हेडिंग’ शैलीने द्यावीत. दृष्टिहीन वाचक त्यांच्याच आधारे प्रकरण चाळतो. समीकरणे चित्र म्हणून चिकटवू नयेत. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ पातळीनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, हेही पाहावे.

आपल्या विषयात खरी कसोटी आलेखांची आहे. मागणीच्या वक्राला ‘आलेख क्र. ३’ एवढाच पर्यायी मजकूर (चित्राच्या जागी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) देऊन काहीच साधत नाही. अक्षांवर काय मोजले आहे, वक्र डावीकडून उजवीकडे कसा उतरतो आणि त्यावरून किंमत व मागणी यांच्याविषयी कोणता निष्कर्ष निघतो, हे त्यात आले पाहिजे. असे वर्णन विषय शिकवणाराच नीट लिहू शकतो. कृपया ते तांत्रिक कर्मचाऱ्यांवर सोपवू नका.

जुन्या साऱ्या फाइली एकदम दुरुस्त होणार नाहीत, तेव्हा पुढच्या तासाला लागणाऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तयार फाइल एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरवर, पडद्याकडे न पाहता, आधी आपण स्वतः ऐकावी. तपासणीचे हे काम दर वेळी त्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.