‘सपोज्ड टू’ : समजणारा कोण?

प्रश्न : ‘द पार्सल वॉज सपोज्ड टू अराइव्ह ऑन मंडे’ याचं भाषांतर ‘पार्सल सोमवारी येईल असे समजले जात होते’ असं केलं, ते चुकीचं ठरलं. ‘सपोज’ म्हणजे समजणं, मानणं, गृहीत धरणं. मग चुकलं काय? आणि लिहिताना ‘सपोज टू’ बरोबर की ‘सपोज्ड टू’?

उत्तर : या शब्दबंधाचं रूप कर्मणी आहे, पण त्यातला समजणारा कधीच समोर येत नाही. भाषांतर करण्याआधी त्याला शोधावं लागतं. तो दोन ठिकाणी सापडतो. ‘शी इज सपोज्ड टू बी व्हेरी रिच’ या वाक्यात समजणारे म्हणजे लोक. मराठीत ‘ती खूप श्रीमंत आहे म्हणे’. ‘यू आर सपोज्ड टू नॉक फर्स्ट’ यात मात्र कुणाचं मत नाही, रीत आहे. ‘आधी दार वाजवायचं असतं.’ पार्सलच्या वाक्यात समजणारा म्हणजे ठरलेलं वेळापत्रक. तिथे ‘समजले जात होते’ म्हटलं की ठरलेल्या गोष्टीचा नुसता अंदाज होतो. ‘पार्सल सोमवारी यायचं होतं’, एवढंच पुरे.

दोन अर्थ वेगळे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. वाक्य कर्तरी करून पाहा. ‘पीपल सपोज हर टू बी रिच’ हे थोडं पुस्तकी वाटलं तरी चालतं. ‘पीपल सपोज यू टू नॉक’ हे इंग्रजी नव्हेच. तसंच पहिल्या अर्थात ‘बाय मेनी’ घालता येतं, दुसऱ्यात ‘बाय द मॅनेजर’ घातलं की वाक्य मोडतं. म्हणजे नियम, कर्तव्य, योजना या अर्थाने वापरताना हा शब्दबंध नावापुरताच कर्मणी उरला आहे. काम तो ‘शुड’सारख्या साहाय्यक क्रियापदाचं करतो. म्हणूनच ‘इज बीइंग सपोज्ड टू’ असं चालू काळाचं रूप त्याला नाही.

पुढे येणाऱ्या क्रियापदावरूनही अंदाज येतो. येणं, पाठवणं, भरणं अशी कृती असेल तर बहुधा योजना किंवा नियम. असणं, माहीत असणं अशी स्थिती असेल तर बहुधा लोकांचं मत. ‘बहुधा’ म्हणायचं कारण ‘ही इज सपोज्ड टू बी इन द ऑफिस’. ‘तो ऑफिसात आहे म्हणे’ आणि ‘त्याने या वेळी ऑफिसात असायला हवं’, दोन्ही अर्थ इथे बसतात. निवाडा मागच्यापुढच्या वाक्यांवरूनच करावा लागतो. ‘टू हॅव’ आलं की भूतकाळाबद्दलची वदंता समजायची, असा नियम काही जण सांगतात, तोही पुरता खरा नाही. ‘ही इज सपोज्ड टू हॅव लेफ्ट द कंट्री’ म्हणजे ‘तो देश सोडून गेला म्हणतात’. पण ‘यू आर सपोज्ड टू हॅव रेड धिस’ म्हणजे ‘तुम्ही हे वाचून यायला हवं होतं’.

भूतकाळात मात्र या शब्दबंधाला एक रंग चढतो, आणि तो भाषांतरात सर्वांत जास्त वेळा हरवतो. ‘वॉज सपोज्ड टू अराइव्ह’ ऐकताच इंग्रजी वाचकाला कळतं की पार्सल आलेलं नाही, निदान वेळेवर तरी नाही. वेळेवर आलेल्या पार्सलबद्दल असं सहसा कुणी म्हणत नाही. मराठीतलं ‘यायचं होतं’ किंवा ‘येणार होतं’ हाच रंग आपोआप घेऊन येतं. ‘तो काल येणार होता’ म्हटल्यावर ऐकणारा लगेच ‘मग?’ असं विचारतो. ‘येणे अपेक्षित होते’ हे व्याकरणाने बरोबर आहे, कार्यालयीन मजकुरात चालतंही, पण तिथे तो ‘मग?’ क्षीण होतो. ‘ही वॉज सपोज्ड टू बी माय फ्रेंड’ यात तर सगळा अर्थ त्या रंगातच आहे : ‘मित्र ना तो माझा!’ इथे ‘मित्र असणे अपेक्षित होते’ लिहिलं तर वाक्यातली दुखावलेली भावना पुसली जाते.

नकारातही फसगत होते. ‘यू आर नॉट सपोज्ड टू ओपन इट’ याचा अर्थ ‘तुम्ही ते उघडाल अशी अपेक्षा नाही’ असा नाही. ती मनाई आहे. ‘नॉट’ आधी आला असला तरी तो लागू होतो पुढच्या क्रियापदाला. मराठीत ‘उघडायचं नसतं’ हे अगदी तंतोतंत. ‘उघडणे अपेक्षित नाही’ वाचून एखाद्याला वाटेल, उघडलं तरी हरकत नसावी.

लिहिणाऱ्याने जपून वापरण्याच्या जागा दोन. पहिली, सूचनापुस्तिका आणि करार. ‘द लाइट इज सपोज्ड टू टर्न ग्रीन’ वाचून वाटतं, लिहिणाऱ्यालाच खात्री नाही. तिथे सरळ ‘द लाइट टर्न्स ग्रीन’ लिहावं. बंधन असेल तर ‘मस्ट’ किंवा ‘इज रिक्वायर्ड टू’, वेळापत्रक असेल तर ‘इज शेड्यूल्ड टू’, हेतू असेल तर ‘इज इंटेंडेड टू’ लिहावं. बातमीत लोकमत सांगताना ‘इज सेड टू’ किंवा ‘इज बिलीव्ह्ड टू’ अधिक स्वच्छ, कारण त्यांत योजनेचा अर्थ मिसळत नाही. दुसरी जागा म्हणजे पत्रव्यवहार. ‘यू वर सपोज्ड टू सेंड द फाइल’ हे थेट बोट दाखवणं आहे. ‘वुई वर एक्स्पेक्टिंग द फाइल’ म्हटलं की तीच आठवण सौम्य होते. आणि ‘व्हॉट इज दॅट सपोज्ड टू मीन?’ हा क्वचितच साधा प्रश्न असतो. बहुतेकदा ‘म्हणजे? म्हणायचंय काय तुम्हाला?’ असा चढलेला स्वर त्यात असतो. निव्वळ अर्थ विचारायचा असेल तर ‘व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ म्हणावं.

आता वर्तनी. ‘सपोज्ड टू’ हेच बरोबर, शेवटी डी हवाच. तो गळतो तो उच्चारामुळे : डीला लागून टी आला की दोन्ही मिसळतात आणि भराभर बोलताना ‘सपोस्टू’सारखं काहीतरी ऐकू येतं. संगणकाच्या साध्या वर्तनी-तपासणीत ही चूक सहज सुटते, कारण ‘सपोज’ हाही खरा शब्द आहे. आपल्याकडे आणखी एक चूक होते ती आधीचं ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ गाळण्याची : ‘आय सपोज्ड टू गो’. ‘मला जायचंय’मधला ‘आहे’ बोलताना विरघळून जातो, तसा इंग्रजीत विरघळत नाही.

सवय सांगणाऱ्या ‘यूज्ड टू’चा डीसुद्धा असाच उच्चारात बुडतो, पण लिहिताना दोघांचे नियम वेगळे. ‘डिड नॉट’नंतर प्रमाण लेखनात ‘यूज टू’ लिहितात, कारण भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो. ‘सपोज्ड टू’च्या आधी ‘डिड’ येतच नाही. त्याचा नकार ‘वॉज नॉट सपोज्ड टू’ आणि प्रश्न ‘वॉज आय सपोज्ड टू’ असा होतो, त्यामुळे डी गाळायची वेळ कुठल्याच रूपात येत नाही.