दुकानातला आजारी दिसणारा फायटर मासा दया येते म्हणून घ्यावा का?

म्हणजे नेरूळच्या दुकानात ग्लासात एक निळा फायटर पंख मिटून तळाशी पडलाय, दुकानदार दीडशेचा ऐंशीला द्यायला तयार आहे आणि तुमच्या घरी मॉली-टेट्राची दोन फुटी टाकी आहे. थेट त्या टाकीत सोडणार असाल तर अजिबात घेऊ नका. वेगळी बादली आणि रोजची दहा मिनिटं असतील तर घ्या, पण आधी नीट बघून.

मी हा गाढवपणा करून बसलोय. ठाण्यात राहतो, चार वर्षांपूर्वी इथल्याच एका दुकानातून गप्पींची जोडी आणली, नराच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे दोन-तीन ठिपके होते, दुकानदार म्हणाला थंडीने होतं, घरी गेलं की जाईल. मी पिशवी पाण्यासकट टाकीत ओतली. पाचव्या दिवशी सगळ्या टाकीला व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. औषध टाकलं, ठिपके गेले, मी खूश होऊन औषध बंद केलं, तिथेच चुकलं, कारण ठिपके गळले म्हणजे आजार गेला असं नसतं, तो किडा तळाशी जाऊन शेकडो पिल्लं करतो आणि औषध लागू पडतं ते फक्त ती पिल्लं पाण्यात पोहत असताना. चौदातले नऊ मासे गेले. बायको अजून टोमणे मारते.

फायटरचं मात्र थोडं वेगळं आहे. हा मूळचा थायलंडकडचा, उबदार पाण्यातला, आणि आपल्याकडे बरेचसे मासे कोलकाता-चेन्नईहून पिशवीत प्रवास करून येतात. मग एसीच्या दुकानात ग्लासभर घाण पाण्यात राहिला की पंख मिटून फिका पडणारच, त्याला रोग असेलच असं नाही. वरून बघा. खवले उभे राहून अंग अननसासारखं दिसत असेल तर तो ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा आजार, त्यातून वाचलेला मी तरी पाहिलेला नाही, सोडून द्या. अंगावर कापूस चिकटल्यासारखं असेल, पोट आत गेलेलं असेल तरी नको. बाकी ठीक असेल तर फोनची बंद स्क्रीन काचेला लावा, स्वतःचं प्रतिबिंब दिसल्यावर थोडे जरी गाल फुगवले तर पठ्ठ्यात जीव आहे. दुकानदाराला समोर दोन दाणे टाकायला सांगा. दाण्यांकडे वळून खायला आला तर मी घेईन.

आणि दयेचं म्हणाल तर दुकानदाराच्या दृष्टीने तो मासा विकला गेला, एवढंच. पुढच्या आठवड्यात त्याच ग्लासात दुसरा असेल. म्हणून त्याचा जीव वाचवायचा म्हणून नका घेऊ, तुम्हाला तोच मासा आवडला असेल तर घ्या.

घेतलात तर साबणाचा वासही न लागलेली बादली घ्या, आठ-दहा लिटर पाणी, आणि मोरबे धरणाचं असलं तरी नळाचं पाणी क्लोरीनचं असतं त्यामुळे अँटीक्लोरीन टाका. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा तेवढा सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. वर जाळीचं झाकण, कारण फायटर उडी मारतो. हीटर २७ अंशांवर. पहिले चार दिवस मी औषध टाकत नाही, रोज थोडं पाणी बदलतो आणि कमी खायला देतो, बऱ्याचदा तेवढ्यानेच पंख उघडतात. माझ्या आधीच्या फायटरची झिजलेली शेपटी तीन आठवड्यांत भरायला लागली, नवीन भाग आधी काचेसारखा पारदर्शक आला, मला वाटलं फंगस, उगाच घाबरलो.

तुम्हीही तीन आठवडे तरी बादलीतच ठेवा, आणि बादलीतलं मासे पकडायचं नेट मोठ्या टाकीत चुकूनही घालू नका. माझ्याकडे दोन नेट आहेत, एकाच्या दांड्याला लाल टेप लावलाय, ते बादलीचं, बाल्कनीतच राहतं.