कन्हानवर पहिला गळ टाकण्यापूर्वी
आपण कन्हान नदीवर गळाने मासे धरायला शिकणार, याचा मनापासून आनंद झाला. महागडे साहित्य सध्या नको. बांबूची काठी, बारीक दोरा आणि गांडूळ पुरेसे आहे. तरंगा, म्हणजे दोऱ्याला बांधलेला पाण्यावर तरंगणारा तुकडा, जरा हलताच काठी ओढणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तो पाण्याखाली जाईपर्यंत थांबावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ऐन पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच ठेवावा, आणि एरवीही वीतभर पिल्लू लागल्यास हात ओले करून, गळ हळूच सोडवून, त्याला प्रवाहाकडे तोंड करून सोडावे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून माशाला रोग जडतो. तुटलेला दोरा काठावर टाकू नये. बगळ्याच्या पायाला आवळलेला दोरा मी स्वतः कापला आहे.