भोकं जुळली, पण मोटर जुळेल का?

प्रश्न : जुन्या डिशवॉशरची मोटर जळली. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलची मिळाली, बोल्टची भोकंही जुळतात. बसवू का?

उत्तर : थांबा. भोकं जुळली म्हणजे पत्रिका जुळली असं नाही! कित्येक जुन्या यंत्रांत एकच मोटर सुलटी फिरून भांडी धुते, उलटी फिरून पाणी बाहेर टाकते. पुढे निचऱ्याला वेगळा पंप आला आणि मोटर एकाच दिशेनं फिरू लागली. मी एकदा अशीच बसवली. धुलाई झकास, पाणी मात्र तळाशी तसंच. वर दोष टायमरला दिला, दोन संध्याकाळी वाया. आधी दोन्ही मोटरींना किती वायरी आहेत ते मोजा; आकडा वेगळा आला तर मोटरही वेगळी समजा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट उतरवून घ्या. रचनेतला बदल बरेचदा तिथंच लपलेला असतो. रबरी सील मात्र नवंच घाला.