हिरोशिमात दीडच दिवस आहे, काय पाहावं?

पुण्याहून आईवडिलांना घेऊन येताय, मुक्काम ओसाकाला आणि हिरोशिमासाठी दीडच दिवस, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिली दुपार शहराला द्या आणि दुसरा अख्खा दिवस मियाजिमा बेटाला. उलटं करू नका. म्युझियम पाहून झाल्यावर लगेच कुठे फिरावंसं वाटत नाही.

शांतता स्मारकाच्या म्युझियममध्ये एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा ठेवलाय. आतलं अन्न जळून कोळसा झालंय. त्याच्या आईला तो डबा सापडला होता. मी तिथे बराच वेळ उभा होतो, शेजारच्या आजीबाईही हलल्या नाहीत. आईवडिलांना झेपेल का, ते आधी विचारा. बाहेर बाग आणि नदी आहे, तिथे नुसतं बसलं तरी चालतं. बॉम्बनंतर उरलेला घुमट समोरच दिसतो. त्याच्या मागच्या गल्लीत एका दवाखान्यापाशी छोटा फलक आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला बरोब्बर त्याच्या डोक्यावर, साधारण ६०० मीटर उंचीवर स्फोट झाला. बहुतेक लोक हा फलक न बघताच परततात.

मियाजिमाला निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. पाण्यातला तो शेंदरी तोरी, म्हणजे देवळाचं प्रवेशद्वार, भरतीला तरंगल्यासारखा दिसतो, ओहोटीला ओली वाळू तुडवत थेट खांबांपाशी जाता येतं. आत्ताचा तोरी १८७५ चा. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, नुसता स्वतःच्या वजनावर उभा आहे! मला दोन्ही रूपं बघायची होती म्हणून किनाऱ्यावर ठाण मांडलं, तेवढ्यात एका हरणानं माझा नकाशा खाल्ला. कागद पिशवीत ठेवा. हिरोशिमाहून लोकलनं अर्धा तास, पुढे फेरीबोटीची दहा मिनिटं.

खायला ओकोनोमियाकी: कोबी, नूडल्स, अंडं असं थरावर थर रचलेलं धिरडं म्हणा. शाकाहारी असाल तर मांस नको एवढंच सांगून भागत नाही, माशाची पूडही असते. मोमिजी मांजू घ्या, पानाच्या आकाराचा केक, आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण. आईला आवडेल.

येताना ओकायामा लागतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय, ती कोराकुएन तिथे आहे. दोन तास काढता आले तर उतरा.