दिसतं एक, फायलीत असतं दुसरंच : पीडीएफबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की ऑफिसात पीडीएफ करताना, पाठवताना जे काही अडतं ते लिहून कळवा. निपाणी, खानापूर, चिक्कोडी आणि खुद्द बेळगावातून बरेच प्रश्न आले, त्यातले जे सगळ्यांच्या उपयोगाचे वाटले ते घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. सगळी पत्रं वाचल्यावर एक दिसलं, की जवळजवळ प्रत्येक भानगडीचं मूळ एकच आहे : स्क्रीनवर जे पान दिसतं आणि फायलीच्या आत जे असतं, ते एकच आहे असं आपण धरून चालतो. ते एकच असेल असं नाही.

प्रश्न : सर, मी निपाणीत एका पतसंस्थेत आहे. वार्षिक अहवाल वर्डमधे टाईप करतो, अर्धा मराठी अर्धा कन्नड. माझ्याकडं एकदम झकास दिसतंय, पण ऑडिटरकडं पाठवला की तिथं चौकोन नायतर भलतंच कायतरी येतंय. दरवेळी पेनड्राईव्हवर फॉन्ट पण घालून देवालोय, हे किती दिवस करायचं ओ?

आजपासून बंद करा. वर्डच्या फायलीत साधारणपणे फॉन्टचं नुसतं नाव जातं, फॉन्ट जात नाही. ऑडिटरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की वर्ड आपल्या मनानं दुसरा लावतं आणि सगळा बट्ट्याबोळ होतो. पीडीएफ काढली गेली तीच या दुखण्यावर. ॲडोबी कंपनीचे जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मधे कॅमलॉट नावाचं एक टिपण लिहिलं, कुठल्याही मशीनवर कागद जसाच्या तसा उघडला पाहिजे आणि छापता आला पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं होतं, त्यातून १९९३ साली पीडीएफ आली. २००८ मधे ती आयएसओ ३२००० म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि आज लिब्रेऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमधनंही ती करता येते, कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

वर्डमधे फाईल, मग सेव्ह ॲज, आणि खाली प्रकार पीडीएफ. तिथंच ऑप्शन्स म्हणून बटण आहे, त्यात आयएसओ १९००५ किंवा पीडीएफ-ए असं लिहिलेला चौकोन टिक करा, दोन्ही एकच. वर्षानुवर्षं ठेवायच्या कागदांसाठी हा प्रकार आहे आणि यात वापरलेले फॉन्ट फायलीत भरावेच लागतात. पाठवायच्या आधी ॲक्रोबॅट रीडर या ॲडोबीच्याच पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरमधे फाईल उघडून कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्ट्सच्या टॅबवर जा. प्रत्येक फॉन्टपुढं ‘एम्बेडेड सबसेट’ दिसलं की निर्धास्त पाठवा.

आणि वर्डची मूळ फाईल जपून ठेवा, ती टाकून फक्त पीडीएफ ठेवणारे खूप आहेत आणि मग पुढच्या वर्षी नुसतं साल बदलायला अख्खा अहवाल परत टाईप करत बसतात. लिब्रेऑफिस वापरत असाल तर एक्सपोर्ट करताना हायब्रिड पीडीएफ असा पर्याय आहे, त्यात मूळ फाईल पीडीएफच्या पोटातच बसते. मला ही सोय फार आवडते आणि ती फारशी कुणाला माहीतच नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका आहे. वरून येणारी परिपत्रकं कन्नडमधे पीडीएफ असतात. मला वाचता येतं पण सगळ्या स्टाफला नाही, म्हणून कॉपी करून भाषांतराच्या ॲपमधे टाकायला जावं तर काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच उमटतात. आमचीच जुनी मराठी पीडीएफ कॉपी केली तरी तेच. फाईल खराब आहे का?

बाई, फाईल अगदी ठणठणीत आहे. हा प्रश्न आपल्या सीमाभागात जितका छळतो तितका दुसरीकडं क्वचितच छळत असेल, कारण आपल्याला दोन लिप्यांतनं रोज वाट काढायची असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युनिकोड, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, रुळायच्या आधी कन्नडला नुडी, बरहा आणि मराठीला श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असली सॉफ्टवेअरं आणि फॉन्ट चालायचे, अजून कित्येक ऑफिसात आणि डीटीपीच्या दुकानात चालतात. त्यांच्या जुन्या फॉन्टमधे आतून सगळी इंग्रजीच्याच कोडची अक्षरं असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी किंवा कन्नडचा आकार देतो. पीडीएफमधे फॉन्ट सोबत असतो म्हणून पान बरोबर दिसतं. कॉपी केलं की फॉन्ट मागं राहतो आणि आतलं उघडं पडतं, तीच तुमची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

युनिकोडमधे केलेली पीडीएफसुद्धा कधी कधी दगा देते. पीडीएफ अक्षरं पानावर ज्या जागी काढायची त्या हिशोबानं ठेवते. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते पण भाषेच्या हिशोबानं ती क नंतर येते, त्यामुळं ज्या सॉफ्टवेअरनं पीडीएफ केली त्यानं आतला नकाशा, म्हणजे कुठला आकार कुठलं अक्षर आहे ती यादी, नीट भरला नसेल तर कॉपी केल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडं होतात, जोडाक्षरं फुटतात. शोध घेतला तरी शब्द सापडत नाही, समोर दिसत असून.

आता करायचं काय? फायलीतला मजकूर सोडून द्या आणि दिसणाऱ्या पानावरनं वाचून घ्या. म्हणजे ओसीआर. परिपत्रक गुगल ड्राईव्हवर टाका, कॉम्प्युटरवर त्यावर राईट क्लिक करून ‘ओपन विथ’ मधनं गुगल डॉक्स निवडा, तो चित्र ओळखून मजकूर काढून देतो, कन्नड आणि मराठी दोन्ही. मात्र काही फायलींत तो आतला बिघडलेला मजकूरच उचलतो, तसं झालं तर पानाचा स्क्रीनशॉट काढून तो चित्र म्हणून टाका. इंटरनेट नको असेल तर टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातही दोन्ही भाषा आहेत, पण ते बसवायला कुणीतरी जाणकार पोरगं लागेल.

मग भाषांतर. ते झाल्यावर तारखा, रकमा आणि आदेशाचा नंबर मूळ पानाशी एकेक ताडून बघाच. कन्नड आकडे असतील तर ओसीआर चुकू शकतो, आणि परिपत्रकात महत्त्वाची असते ती शेवटची तारीखच. भाषांतर झालं म्हणून स्टाफला तेवढंच पाठवू नका, खाली मूळ कन्नड पीडीएफ जोडा. आणि तुम्ही स्वतः जे काही टाईप कराल ते युनिकोडमधेच करा, एवढं मी तुम्हालाच नाही तर ही पानं वाचणाऱ्या प्रत्येक शाळेला, संस्थेला, डीटीपीवाल्याला हात जोडून सांगतो. आज श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधे केलेला अहवाल दहा वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर त्याला त्यातला एक शब्द सापडणार नाही.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. पुण्याची पार्टी मेलवर ड्रॉईंग पाठवते, पोरगं प्रिंट काढून वर्करला देतं. एकदा वर्करनं कागदावर स्केल लावून माप घेतलं आणि जॉब रिजेक्ट झाला. पार्टी म्हणते ड्रॉईंग बरोबर आहे. मग चुकलं कुठं?

चुकलं प्रिंटच्या खिडकीत. रीडरमधे प्रिंट दाबलं की तिथं ‘फिट’ आणि ‘ॲक्च्युअल साईज’ असे पर्याय असतात. फिट असेल तर पान प्रिंटरच्या कडांच्या आत बसवायला ते सगळं चित्र थोडं आवळतं, इतकं थोडं की नुसत्या डोळ्याला कळत नाही. आणि ड्रॉईंग ए-थ्रीवर केलेलं असून तुमच्याकडं ए-फोरचा प्रिंटर असला तर विचारूच नका, १०० मिलीमीटरची रेघ कागदावर ७१ च्या आसपास येते.

ॲक्च्युअल साईज लावा, आणि प्रिंट आल्यावर ड्रॉईंगमधली स्केलप्रमाणे काढलेली एखादी सोपी रेघ, जिच्यावर माप लिहिलंय, ती स्केलनं मोजून बघा. पण खरं सांगायचं तर कागद मोजून जॉब करायचाच नाही, लिहिलेलं माप धरायचं, कित्येक ड्रॉईंगच्या कोपऱ्यात तशी सूचनाच असते. माप लिहिलेलं नसेल तर पार्टीला मेल करून लेखी मागवा.

तुमच्या पत्रात नाही पण विचारतो, रिव्हिजनचं, म्हणजे ड्रॉईंग सुधारून परत आलं की त्याचं, काय करता? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याच नावाची जुनी आणि नवी फाईल पडलेली असते आणि पोरगं हाताला येईल ती छापतं. फायलीच्या नावातच पार्ट नंबर, रिव्हिजन आणि तारीख घाला, नवी आली की जुनीचे प्रिंट शॉपमधनं गोळा करून फाडून टाका.

प्रश्न : मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, बेळगाव. समोरच्या पार्टीला कागद पाठवताना आधार नंबर, खाते नंबर झाकायला मी पीडीएफवर काळी पट्टी मारते. एक मैत्रीण म्हणाली ते उपयोगाचं नाही. खरं का?

खरं आहे ताई, आणि लगेच थांबवा. तुम्ही मारलेली पट्टी म्हणजे फळ्यावरच्या अक्षरांवर कागद चिकटवल्यासारखं आहे, अक्षरं खाली तशीच. स्वतः बघा : तुमची फाईल उघडा, माऊसनं पट्टीच्या अलीकडनं पलीकडंपर्यंत मजकूर निवडा, कॉपी करा, नोटपॅडमधे पेस्ट करा. टाईप केलेला कागद असेल तर नंबर तिथं येईल. अमेरिकेत २०१९ च्या जानेवारीत, ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात हेच झालं, पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी करून छापला.

मजकूर काढूनच टाकायला लागतो. ॲक्रोबॅटच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत रिडॅक्ट म्हणून सोय आहे. फुकटात हवं तर लिब्रेऑफिसमधे टूल्सच्या मेनूत रिडॅक्ट आहे, २०१९ पासून, ते शेवटी पानाचं चित्र करून नवी पीडीएफ देतं म्हणजे खाली मजकूर उरतच नाही. काही केल्यावर वरची कॉपी-पेस्टची परीक्षा परत घ्या. आधारसाठी तर यातलं काहीच नको, पक्षकाराला मास्क्ड आधार डाऊनलोड करायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि फायलीच्या प्रॉपर्टीजमधे कुणाचं नाव, काय शीर्षक राहिलंय तेही पाठवायच्या आधी बघत जा, दुसऱ्या अशिलाच्या जुन्या कागदावरनं नवा कागद केला की त्याचं नाव तिथं राहून जातं.

प्रश्न : राहायला बेळगावात, जमीन चंदगड तालुक्यात. डिजिटल सहीचा सातबारा डाऊनलोड केला तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतंय. खोटा आहे का?

प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा रीडर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट ओळखत नाही, कारण सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या ज्या साखळीतनं ते आलंय ती त्याच्या विश्वासाच्या यादीत नाही. सहीनंतर फाईल कुणी बदलली आहे का ते सहीवर क्लिक केल्यावर रीडर वेगळं सांगतो, ते वाचा. क्रोममधे किंवा मोबाईलवर उघडून काही कळणार नाही, तिथं सही तपासली जात नाही, नुसतं चित्र दिसतं.

आता महत्त्वाचं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नं मानलेली जी सही आहे ती फायलीत असते, कागदावर नाही. तुम्ही तो सातबारा प्रिंट करून परत स्कॅन केलात, किंवा दुसऱ्या कागदांबरोबर जोडून एकच पीडीएफ केलीत, की सही गेली, उरलं ते सहीचं चित्र. म्हणून बँकेला किंवा कुणाला पाठवायचा असेल तर डाऊनलोड झालेली मूळ फाईल हात न लावता वेगळी जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको.

प्रश्न : चिक्कोडीत आमचं ऑनलाईन अर्ज भरायचं दुकान आहे. फाईल मोठी म्हणून साईट घेत नाही, मग आम्ही इंटरनेटवरच्या फुकट साईटवर टाकून लहान करतो. चालेल ना?

लोकांचे आधार, पासबुक, उतारे तुमच्या हातात विश्वासानं दिलेले असतात, ते अनोळखी साईटवर चढवू नका. फाईल जड होते ती फोटोमुळं, त्यामुळं काम आधीच करा : स्कॅन करताना रंगीत न घेता ग्रेस्केल घ्या, रिझोल्यूशन १५० ते २०० डीपीआय पुरतं, वाचायला स्पष्ट येतं. तयार फाईल लहान करायची तर पीडीएफ-२४ विंडोजवर बसवता येतं, पानं जोडायला-तोडायला पीडीएफसॅम बेसिक, दोन्ही फुकट आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतात, कागद दुकानाबाहेर जात नाही. गिऱ्हाईक गेल्यावर डाऊनलोड्सचा फोल्डर आणि व्हॉट्सॲप वेबवर आलेल्या फायली रोज दुकान बंद करायच्या आधी काढून टाका, आणि रिसायकल बिनसुद्धा.